यादीत नाव होते, जागा नव्हती

१ सप्टेंबर २०२४ च्या रात्री, म्हणजे पोळ्याच्या आदल्या रात्री, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमच्या घराची मागची भिंत पडली. मातीची भिंत, वर पत्रे आणि पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, असे ते घर माझ्या आजोबांनी बांधलेले होते. आई, आजी आणि धाकटा भाऊ पुढच्या बाजूला झोपले होते म्हणून वाचले. मी नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला राहते. पहाटे भावाचा फोन आला आणि मिळेल त्या एसटीने मी गावी पोहोचले. त्या दिवसापासून आईचे घरकुल पूर्ण होईपर्यंत जवळजवळ एक वर्ष गेले. या वर्षात आम्ही कुठे अडलो, कशामुळे सुटलो आणि किती खर्च आला, ते इथे क्रमाने लिहीत आहे, कारण आमच्यासारखी स्थिती असलेली घरे प्रत्येक गावात आहेत आणि सुरुवातीला आम्हाला जे कोणी सांगितले नाही ते त्यांना आधीच कळावे, असे मला मनापासून वाटते.

पहिले सव्वीस दिवस आम्ही गावच्या समाजमंदिरात काढले. सरपंचांनी रात्रीच कुलूप उघडून दिले, ग्रामपंचायतीने विजेची जोडणी आणि पाण्याची टाकी दिली, आणि आमच्यासह तीन कुटुंबे तिथे साड्यांचे आडोसे करून राहिली. या गोष्टीची कुठल्याही योजनेत नोंद नाही, तिला वेगळा निधी लागला नाही, तरी त्या आठवड्यात आम्हाला मिळालेली सर्वांत मोठी मदत हीच होती. गणपती त्याच आठवड्यात बसणार होते आणि मंडळाला सभागृह हवे होते, तेव्हा मुलांनी आपण होऊन बाहेर मांडव घातला.

तलाठी ३ सप्टेंबरला पंचनाम्यासाठी आले. आम्ही तोपर्यंत ढिगारा उपसून भांडी आणि धान्य बाहेर काढले होते, आणि ही आमची पहिली चूक ठरली, कारण पडलेल्या भिंतीचे छायाचित्र आमच्याकडे एकच, तेही अंधारात काढलेले होते. पंचनाम्यात कच्च्या घराची अंशतः पडझड अशी नोंद झाली आणि त्या नोंदीप्रमाणे ४,००० रुपये मिळाले. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांची मदत आहे, पण त्यासाठी बांधकाम अधिकृत असल्याचे प्रमाणित व्हावे लागते. आमचे घर सरकारी जागेवर होते. जागा आपल्या नावावर नसणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले. ढिगाऱ्याला हात लावण्याआधी दिवसाउजेडी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा, एवढे मी प्रत्येकाला सांगेन.

आमचे कुटुंब ऊसतोडीचे आहे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या तळावर पाच-सहा महिने पालात राहायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, असे आई-वडिलांचे आयुष्य गेले. आम्ही भावंडे आजीजवळ राहून शिकू शकलो, याचे कारण आमच्या जिल्हा परिषद शाळेत चालणारे हंगामी वसतिगृह. त्या काळात दोन वेळचे जेवण तिथे मिळाले नसते, तर मीही तळावर लहान भावंड सांभाळत बसले असते. हे इथे सांगण्याचे कारण असे की, वर्षातील सहा महिने गावाबाहेर असलेल्या माणसाचे नाव गावच्या कागदांवरून सहज गळते. सर्वेक्षण होते तेव्हा तो नसतो, ग्रामसभा होते तेव्हा तो नसतो, हरकती मागवल्या जातात तेव्हाही तो नसतो.

आमच्या सुदैवाने २०१८ च्या सर्वेक्षणात वडिलांचे नाव नोंदवले गेले होते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून जी यादी केली गेली, तिला गावाकडे ‘ब यादी’ म्हणतात. तिच्यातून राहून गेलेल्यांची २०१८ नंतर जी यादी झाली, ती ‘ड यादी’. समाजमंदिरात राहत असतानाच मी ग्रामपंचायतीत जाऊन ड यादी पाहायला मागितली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ती संगणकावर उघडून दाखवली. वडिलांचे नाव होते, आणि शेरा होता की जागा उपलब्ध नाही. वडील २०२० मध्येच वारले होते. म्हणजे घर मंजूर होण्याच्या रांगेत आमचे नाव सहा वर्षे उभे होते, पण ज्याच्या नावाने ते उभे होते तो माणूस हयात नव्हता आणि ज्या जागेवर घर बांधायचे ती जागा कागदावर आमची नव्हती.

भाऊसाहेबांनी सांगितले की दोन कामे स्वतंत्र करावी लागतील. वडिलांच्या जागी वारस म्हणून आईचे नाव लावणे हे एक, आणि राहत्या जागेचे अतिक्रमण नियमानुकूल करून घेणे हे दुसरे. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्या ग्रामीण कुटुंबांसाठी राज्य सरकारचा १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे. तो आमच्या गावात कोणी कधी वाचून दाखवला नव्हता. दोन्ही कामांची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होणार होती आणि पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला होती.

आईने आजवर ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, आणि आमच्या गावी ती १ ऑक्टोबरला अंगणवाडीत झाली. तिथे सगळ्या ओळखीच्या बाया होत्या, त्यामुळे आई उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “आम्ही तिथं तीस वर्षं राहतो. भिंत पडली तर दुसरीकडं जायला आम्हाला ठिकाण नाही. ती जागा आमच्या नावावर लावून द्या.” महिलांच्या सभेने शिफारस केली. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत गणपूर्तीसाठी दीड तास वाट पाहावी लागली, कारण एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर हवेत. अखेर सभा भरली आणि आमच्या गल्लीतल्या सात कुटुंबांच्या अर्जांवर ठराव झाला. एका सदस्याने हरकत घेतली की, असे केले तर उद्या सगळेच सरकारी जागेवर झोपड्या टाकतील. त्याला भाऊसाहेबांनी शांतपणे उत्तर दिले की तारीख २०११ च्या आधीची आहे, पुरावा लागेल, आणि ज्याच्याकडे नसेल त्याचे काम होणार नाही. ठराव मंजूर झाल्यावर तो इतिवृत्तात लिहिला गेला आहे का, क्रमांक काय आहे, हे त्याच वेळी पाहावे. मी मोबाइलमध्ये पानाचे छायाचित्र घेतले आणि आठवड्याभराने रीतसर प्रमाणित प्रत मागून घेतली. पुढे तिची गरज चार वेळा पडली.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत कार्यालयांमधून एकच उत्तर मिळत राहिले. त्याच काळात टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या. आई आणि भाऊ मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणाऱ्या दोघांची एक जोडी, असतो. त्या वर्षी आईने गावी राहायचे ठरवले आणि भाऊ चुलत्यांच्या टोळीबरोबर एकटा अर्धा कोयता म्हणून गेला. कागदांसाठी थांबण्याची ही किंमत कुठल्याही हिशेबात दिसत नाही, परंतु आमच्या घरात एका हंगामाची निम्मी उचल, म्हणजे तोडीसाठी मिळणारी आगाऊ रक्कम, कमी आली. आई, आजी तोवर पडक्या घराच्या पुढच्या भागात ताडपत्री लावून राहत होत्या.

आचारसंहितेचे ते सहा आठवडे आम्ही कागद जमवण्यात घातले. २०११ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदारयादी असे काहीही चालते, असे कळले होते. वीज आमच्याकडे २०१३ मध्ये आली, म्हणून ते बिल निरुपयोगी होते. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, आजोबांनी दोऱ्याने बांधून ठेवलेला पावत्यांचा गठ्ठा निघाला. त्यात २००३, २००४ आणि २००७ च्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. आजोबांना सही करता येत नव्हती. तरीही तोडीवरून आल्यावर पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन ते कर भरत आणि पावती जपून ठेवत. जागा सरकारची, घर आपले, आणि कर भरलेला असला तर कोणी हुसकून लावणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. वीस वर्षांनी तो गठ्ठा उपयोगी पडला, तेव्हा आजी बराच वेळ काही बोलली नाही.

पावत्यांवरून ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, जुन्या नोंदवहीत आमची नोंद सापडली: मालकाच्या रकान्यात ‘सरकार’ आणि भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांचे नाव. या उताऱ्याला २० रुपये लागले. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे, हे खरे. पण कोण, कधीपासून, किती जागेत राहतो हे सांगणारा गरिबाजवळचा तो बहुधा एकमेव सरकारी कागद असतो, म्हणून ज्यांची नोंद नसेल त्यांनी आधी ती करून घ्यावी.

यानंतर सर्वांत मोठी भीती होती ती गायरानाची, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या जमिनीची. आमची वस्ती गावाच्या कडेला आहे आणि तिला सगळे ‘गायरानातली वस्ती’ असेच म्हणतात. गायरान जमिनीवरचे अतिक्रमण नियमानुकूल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींविषयी दिलेल्या निकालानंतर त्याबाबत धोरण कडक झाले आहे. तलाठी कार्यालयात गावनकाशा टेबलावर उलगडला गेला, तेव्हा माझे हात थरथरत होते. गावठाणाची हद्द दाखवणारी रेघ नकाशावर आमच्या गल्लीच्या मधोमध गेलेली होती. गल्लीच्या पूर्वेकडची, आमची चार घरे गावठाणात, जिथे सातबारा नसतोच. आणि पश्चिमेकडची तीन घरे ज्या गटात येतात त्या गटाच्या सातबाऱ्यावर गायरान असे स्पष्ट लिहिलेले. समोरच्या मावशींचे घर आमच्या दारापासून दहा पावलांवर आहे. त्या आमच्याइतकीच वर्षे तिथे राहतात, त्यांचीही भिंत त्याच रात्री खचली, त्यांच्या पावत्या तर आमच्यापेक्षा जास्त आहेत. आमचे काम होईल या आनंदात मी घरी आले आणि त्यांना ते कसे सांगावे हे मला सुचेना. शेवटी आईनेच जाऊन सांगितले.

२ डिसेंबरला प्रस्ताव पंचायत समितीत दिला. त्यात अर्ज, ठरावाची प्रत, पावत्या, नमुना ८, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील, चुलत्यांचे संमतीपत्र, आधार, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि मोजमापाचा कच्चा नकाशा होता. जागा ४८० चौरस फूट भरली. आमच्या प्रवर्गाला ५०० चौरस फुटांपर्यंत मूल्य भरावे लागले नाही. संमतीपत्रासाठी मुद्रांक आणा असे एका टंकलेखकाने सांगितले होते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू लागल्याने ते पैसे आम्हाला जड वाटत होते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे कळल्यावर आम्ही साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र केले आणि ते स्वीकारले गेले. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. पुढच्या सगळ्या चौकशीत माणसांची नावे बदलतात, आवक क्रमांक मात्र बदलत नाही.

दोन आठवडे काहीच हालचाल झाली नाही. कार्यालयाबाहेर भेटलेल्या एका माणसाने १०,००० रुपयांत फाइल पुढे नेण्याची तयारी दाखवली. आई घाबरली होती आणि देऊन टाकू असेही म्हणाली. मी १६ डिसेंबरला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला की, या आवक क्रमांकाचा प्रस्ताव सध्या कोणाकडे आहे आणि कोणत्या कारणाने प्रलंबित आहे. अर्जात तक्रार लिहिली नाही, फक्त हे दोन प्रश्न विचारले. लेखी उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पण ३० डिसेंबरला कार्यालयातूनच फोन आला की आईचे नाव आधारवर वेगळे आणि जॉबकार्डावर वेगळे आहे. आधारवर माहेरचे नाव राहिले होते. दुरुस्तीला ५० रुपये आणि नऊ दिवस लागले. घरातल्या प्रत्येक कागदावर बाईचे नाव सारखेच आहे का, हे काम सुरू करण्याआधी पाहून घ्यावे, कारण लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे बहुतेक प्रस्ताव याच एका कारणाने परत येतात, असे तिथल्या लिपिकांनीच मला सांगितले. त्यांनी नंतर आमची फाइल स्वतः लक्ष घालून पूर्ण करून घेतली, हेही सांगितले पाहिजे.

२१ जानेवारी २०२५ रोजी तालुक्याच्या समितीपुढे आमच्या गल्लीतली चार प्रकरणे आली आणि मंजूर झाली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आदेश वाचला गेला आणि नमुना ८ मध्ये आजोबांच्या जागी आईचे नाव लागले. नवा उतारा आईने हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला विचारले, “आता कोणी उठा म्हणणार नाही ना?” वारसनोंद झाल्यामुळे घरकुलाच्या यादीतही वडिलांच्या जागी आईचे नाव गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून बदलून मिळाले.

त्या महिन्यांत राज्याला घरकुलांचे मोठे उद्दिष्ट मिळालेले होते आणि २२ फेब्रुवारीला पुण्याच्या कार्यक्रमात २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे आणि १० लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. आमच्या ग्रामपंचायतीत तो कार्यक्रम पडद्यावर दाखवला आणि आईला मंजुरीपत्र तिथेच मिळाले. पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. तो बँकेच्या पासबुकात येईना. दोन आठवडे आम्ही बँकेत चकरा मारल्या, आणि मग लक्षात आले की लाडकी बहीण योजनेसाठी आईने पोस्टात उघडलेले खाते आधारशी शेवटी जोडले गेले होते आणि थेट लाभाची रक्कम तिकडेच जाते. पैसे २५ फेब्रुवारीपासून पोस्टात पडून होते. आधारशी कोणते खाते जोडलेले आहे, हे बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर आधी पाहून घेतले तर अशी धावपळ होणार नाही.

घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. आम्ही तेवढेच बांधायचे ठरवले. शेजारच्या गावात एकाने ६०० फुटांचे काम काढले आणि तीन वर्षे ते छताविना उभे आहे, हे आम्ही पाहिले होते. मार्चच्या मध्यात, भाऊ तोडीवरून आल्यावर, आम्ही जुन्या भिंती उतरवल्या. गुढीपाडव्याला जोत्याचे काम सुरू होते, गुढी ताडपत्रीच्या झोपडीपुढे उभारली. प्रत्येक टप्प्याला गृहनिर्माण अभियंता येऊन मोबाइलवर जागेच्या नोंदीसह छायाचित्र घेतो आणि त्यानंतरच पुढचा हप्ता निघतो. दुसरा हप्ता ७०,००० रुपयांचा, जोते झाल्यावर. तिसरा ३०,००० चा आणि शेवटचा ५,००० चा. जोत्याचे छायाचित्र १२ एप्रिलला झाले आणि रक्कम १४ मेला आली. हा महिना आम्हाला सर्वांत कठीण गेला, कारण गवंडी दुसरीकडे निघून गेला आणि विटांच्या भट्टीवाल्याचे पैसे थकले. त्यात मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि सिमेंटच्या वीस गोण्या समाजमंदिरात नेऊन ठेवाव्या लागल्या. ते कुलूप पुन्हा आमच्यासाठी उघडले गेले.

घरकुलाला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू मोफत मिळते, त्यासाठी तहसील कार्यालयाचा पास लागतो. वाहतूक आपली आपण करायची असते. आम्हाला ३ ब्रास मिळाली आणि ट्रॅक्टरचे ९,००० रुपये झाले. विटांना ६०,०००, सिमेंटला सुमारे ४७,०००, सळईला ४२,०००, गवंडी आणि मजुरीला ७०,०००, खडी-मुरमाला १४,०००, दारे-खिडक्यांना १६,००० आणि शौचालयाला १४,००० लागले. एकूण २,७२,००० रुपये. योजनेचे १,२०,०००, रोजगार हमीतून ९० दिवसांची ३१२ रुपये दराने मजुरी म्हणजे २८,०८०, आणि शौचालयाचे १२,००० असे १,६०,०८० रुपये सरकारकडून मिळाले. उरलेल्या सुमारे १,१२,००० पैकी ४७,००० माझी शिल्लक होती, ४०,००० आईने बचत गटातून घेतले आणि २५,००० भावाच्या उचलीतून आले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने घरकुलाच्या अनुदानात ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली, ती मी या हिशेबात धरलेली नाही.

रोजगार हमीच्या मजुरीबाबत एक अनुभव सांगते. घर बांधताना आई आणि भाऊ स्वतः राबत होते, पण पहिले मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, निघालेच नाही, कारण जॉबकार्डावर भावाचे नाव अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर वाढवायचे राहिले होते. ग्रामरोजगार सेवकांनी नाव वाढवून पुढच्या आठवड्यापासून मस्टर काढले, तरी झालेले दिवस गेले ते गेलेच. ९० दिवस पुढे भरून निघाले, पण ज्यांच्या घराचे काम लवकर आटोपते त्यांची मजुरी याच कारणाने बुडते. एक लाख वीस हजारांत घर होत नाही, हे कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याच्या घरी शिल्लक टाकणारे कोणी नाही, त्याने उरलेले लाख रुपये कुठून आणावेत, याचे उत्तर मला या वर्षभरात कोणाकडेही मिळाले नाही. ग्रामपंचायतीने गावातल्या दहा घरकुलांसाठी विटा आणि सळई एकत्र खरेदी केली असती, तर दर उतरला असता, असे मी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सुचवले आहे.

स्लॅब २२ जूनला पडला आणि ऑगस्टमध्ये गिलावा, फरशी आणि शौचालय पूर्ण झाले. २२ ऑगस्टच्या पोळ्याला आई आणि आजी नव्या घरात झोपल्या. शेवटच्या छायाचित्रात आई दारात उभी आहे आणि भिंतीवर योजनेचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि रक्कम रंगवलेली आहे, कारण ते लिहिल्याशिवाय शेवटचा हप्ता निघत नाही.

समोरच्या मावशींचे काम अजून व्हायचे आहे. गायरानावरच्या तीनही कुटुंबांची नावे घरकुलाच्या यादीत आहेत, फक्त जागा नाही. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मिळणारे साहाय्य २०२४ मध्ये ५०,००० वरून १ लाख रुपये झाले आहे आणि त्यात ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येते. जुन्या गावठाणात एका पडक्या वाड्याची जागा रिकामी आहे, तिचे मालक पुण्यात असतात. सरपंच, भाऊसाहेब आणि मी मिळून त्यांच्याशी तीनदा बोललो आहोत. तिघांना प्रत्येकी ५०० फूट द्यायला ते तयार झाले आहेत, भाव मात्र अजून ठरायचा आहे. २ ऑक्टोबर २०२५ च्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज आम्ही सात दिवसांची नोटीस निघण्याच्या आधी देऊन त्याचा आवक क्रमांक घेतला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा मोठा पाऊस झाला. २२ तारखेच्या रात्री गल्लीत गुडघाभर पाणी होते, तेव्हा मावशी, त्यांची सून आणि दोन नातवंडे आमच्या घरी झोपायला आली. मी त्या वेळी गावीच होते. मावशींनी येताना अंथरूण आणले नव्हते. पदराखाली दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलेला घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा तेवढा आणला होता. तो आईने आमच्या फडताळात, सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला आहे.